पुन्हा उघडता येणारा सांधा

पुण्याच्या टिंबर मार्केटमधल्या एका दुकानात मी पितळी बिजागऱ्या निवडत उभी होते, तेव्हा शेजारी आलेल्या तरुणाने दुकानदाराला विचारले, "सगळ्यात घट्ट चिकटवणारं काय आहे तुमच्याकडे?" दुकानदाराने "लाकडाला का?" एवढेच विचारले आणि होकार मिळताच इपॉक्सीच्या, म्हणजे एकमेकांत मिसळल्यावर टणक होणाऱ्या रासायनिक गोंदाच्या, दोन नळ्यांचा संच काउंटरवर ठेवला. पुढच्या बोलण्यातून कळले की चिकटवायची वस्तू म्हणजे त्याच्या आजीचा तानपुरा होता. भोपळ्यावर जिथे लाकडी गळा बसतो, तिथला सांधा एका बाजूने सुटला होता आणि आजीला तो दिवाळीच्या आधी दुरुस्त होऊन हवा होता. माझे बालपण तंतुवाद्ये घडवणाऱ्या मिरजेत गेले असल्यामुळे मला राहवले नाही. तानपुऱ्याला हे लावू नका, त्याला सरस नावाचा पारंपरिक गोंद लागतो, मिरजेला पाठवला तर तिथले कारागीर नीट करून देतील, असे मी त्याला सांगितले. त्याने ते अदबीने ऐकून घेतले आणि म्हणाला, "काकू, एकदा चिकटलं की परत निघायला नको, एवढंच हवंय." मग पैसे देऊन तो निघून गेला.

त्याचे ते वाक्य मला अजून सोडत नाही, कारण ते ऐकायला अगदी रास्त वाटते. गोंद विकत घेणाऱ्या कोणालाही याहून वेगळे काय हवे असणार? मी गेली काही वर्षे घरच्या गच्चीवरच्या खोलीत लाकूडकाम करते, स्टूल, फडताळे, पुस्तकांच्या मांडण्या करते, आणि सुरुवातीला माझ्याही मनात गोंदाविषयी एवढीच अपेक्षा होती. पण लाकडाच्या बाबतीत सगळ्यात घट्ट काय, या प्रश्नातून हाती फारसे काही लागत नाही. रंध्याने सपाट केलेल्या दोन फळ्या रेषांच्या दिशेने काठाला काठ लावून साध्या पांढऱ्या गोंदाने जोडल्या, रात्रभर शिकंज्यात आवळून ठेवल्या आणि दुसऱ्या दिवशी तो जोड हातोडीने फोडला, तर बहुधा गोंदाची रेघ शाबूत राहते आणि तिच्या शेजारचे लाकूड फाटते. चांगल्या सरसाच्या बाबतीत हेच घडते आणि इपॉक्सीच्या बाबतीतही हेच घडते. लाकडाहून बळकट असलेल्या तीन वस्तूंपैकी सगळ्यात बळकट कोणती, हे ठरवून सांध्याला काहीच फायदा नसतो. विचारायला हवेत ते प्रश्न निराळेच आहेत. लाकूड कोणते आणि ते किती सुकलेले आहे, दोन भागांमध्ये फट आहे का, सांध्यावर कायमचा ताण राहणार आहे का, त्याला ऊन आणि पाणी लागणार आहे का, आणि पुढे कधी तो कोणाला उघडावा लागणार आहे का? यांतला शेवटचा प्रश्न दुकानात कधीच कोणी विचारत नाही.

मिरजेत शाळेतून घरी येताना आम्ही मुद्दाम सतारमेकर गल्लीतून यायचो. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात वाद्ये घडवायला घेतली, हे पुढे मोठेपणी वाचले. तेव्हा आम्हांला ओढ होती ती ओट्यांवर आणि माळ्यांवर उपडे ठेवलेल्या प्रचंड भोपळ्यांची. पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या मळ्यांतून आलेले ते वाळके भोपळे, तुणीच्या लाकडाचा तांबूस भुसा, लाखेच्या पॉलिशचा गोडसर दर्प, आणि या सगळ्यांखाली दबून राहिलेला आणखी एक वास, जो आवडतही नसे आणि नाकातून जातही नसे. तो सरसाचा वास होता. जनावरांची कातडी आणि हाडे उकळून काढलेला हा गोंद वाळवून लाद्यांच्या किंवा दाण्यांच्या रूपात विकला जातो. कारागीर तो आदल्या रात्री गार पाण्यात भिजत घालत. सकाळी तो फुगून थलथलीत झालेला असे. मग पाण्याच्या पातेल्यात दुसरे लहान भांडे ठेवून तो मंद आचेवर विरघळवत. साठ अंशांच्या आसपासची उष्णता त्याला पुरते, आणि उकळी फुटू दिली तर त्याची पकड कमी होते. ते ओळखण्यासाठी तिथे कोणाकडे उष्णतामापक नव्हता. बोट बुडवता येते की नाही आणि कुंचल्यावरून धार कशी सुटते, यावरून ते समजे. गरम सरस लावल्यावर सांधा जुळवायला मिनिटभराचा अवधी मिळतो, म्हणून लाकूडही आधी शेकून घेत आणि दोघे जण न बोलता एकाच वेळी हात चालवत.

तिथेच मी एकदा सुटीत एक जुना तानपुरा उघडताना पाहिला. तबलीला, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावर बसवलेल्या पातळ लाकडी फळीला, बारीक चीर गेली होती आणि आतून पट्टी लावायची होती. वयस्कर कारागिराने ओल्या फडक्याने कडा शेकली, पातळ सुरी गरम केली आणि ती सांध्याच्या रेषेत इतक्या हळू सरकवली की सुरी चालते आहे की थांबली आहे, हे कळत नव्हते. मध्येच कुठे सांधा अडला, की तो तिथे थोडे स्पिरिट सोडायचा. स्पिरिट सरसातला ओलावा ओढून घेते, सरस ठिसूळ होतो आणि कट्‌ असा बारीक आवाज करून सुटतो. अर्धा तास गेला असेल. मग तबली अख्खीच्या अख्खी, एकही कपची न उडता, त्याच्या हातात आली. दुरुस्ती झाल्यावर त्याने जुना सरस खरवडून काढायची फारशी खटपट केली नाही, कारण नवा गरम सरस जुन्याला विरघळवून आपल्यात सामावून घेतो. पांढऱ्या गोंदाला हे साधत नाही. त्याचा वाळलेला थर लाकडाच्या रंध्रांत शिरून बसतो आणि त्यावर लावलेला नवा थर धड पकड घेत नाही, म्हणून आधी थेट कोऱ्या लाकडापर्यंत खरवडावे लागते आणि दर खेपेला सांध्यातले थोडे लाकूड जाते. पाश्चात्त्य देशांतले व्हायोलिन बनवणारे अजूनही वरची फळी सरसानेच, आणि तीही थोडा पातळ केलेल्या सरसाने चिकटवतात, याचे कारण हेच आहे. हवा कोरडी पडून फळी आकसली, तर सांधा आधी सुटावा आणि लाकूड वाचावे, अशी ती योजना असते.

त्याच गल्लीत कोपऱ्यात ठेवलेला दुसरा एक तानपुराही मला आठवतो. तो कोणीतरी घरच्या घरी चिकटवून वापरला होता आणि काही काळाने पुन्हा बिघडल्यावर मिरजेला आणला होता. इपॉक्सी गळ्याच्या सांध्यातून बाहेर ओघळून भोपळ्याच्या सालीवर मधाच्या रंगाची टणक होऊन बसली होती. तिच्यावर पाणी, वाफ किंवा स्पिरिट यांचा काही परिणाम होत नव्हता. ती नरम करायला लागणारी उष्णता वाळक्या भोपळ्याला सोसली नसती. शेवटी गळा करवतीने कापून काढावा लागला आणि त्याबरोबर भोपळ्याची कडाही गेली. भोपळ्याची गेलेली कडा परत आणता येत नाही. त्याच घेराचा, त्याच जाडीचा दुसरा भोपळा शोधावा लागतो, आणि मग ते वाद्य तेच राहिले असे म्हणणे अवघड होते. दुकानातल्या त्या तरुणाशी बोलताना माझ्या डोळ्यांसमोर तो कापलेला गळा होता, पण चार वाक्यांत हे सगळे सांगणे मला जमण्यासारखे नव्हते.

इथे कोणी विचारेल की इपॉक्सी नको तर नको, पण साधा पांढरा फेव्हिकॉल का नको? तो तर सगळ्या घरांत असतो. तानपुऱ्याच्या तारा वाजवत नसतानाही दांडी आणि गळ्याचा सांधा रात्रंदिवस ओढत असतात. पांढऱ्या गोंदाचा मूळ घटक पॉलिव्हिनाइल ॲसिटेट हा स्वभावाने किंचित लवचीक असतो, आणि साधारण ३० ते ४० अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात तो आपला कडकपणा सोडू लागतो. चैत्र-वैशाखात विदर्भात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तेव्हा पत्र्याखालच्या खोलीतल्या सांध्याची काय अवस्था होत असेल, याचा अंदाज करता येईल. सांधा तुटत नाही. तो केसभर, मग आणखी केसभर सरकतो. खुर्चीच्या बाबतीत हे कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण तिच्यावरचा भार येतो आणि जातो, आणि खाचेत ठोकून बसवलेले कुसू, म्हणजे लाकडाचे निमुळते केलेले टोक, बहुतेक काम स्वतःच सांभाळते. वाद्यात मात्र तेवढ्या सरकण्याने तारांची उंची बदलते आणि जवारी, म्हणजे तारांचा गुंजणारा नाद, बिघडते. सरस वाळल्यावर काचेसारखा कडक होतो, आकसताना दोन्ही भागांना आणखी जवळ ओढतो आणि मग जागचा हलत नाही.

सरस फक्त पाण्याला आणि दमट हवेला घाबरतो.

म्हणूनच सरसाचे गोडवे गाऊन मला थांबता येत नाही. आमच्या घरी तो कधीच आला नाही. आईचा त्याला ठाम विरोध होता. कातडी-हाडांचा रांधा घरातल्या शेगडीवर चढणार नाही, हे तिने एकदाच सांगितले होते, आणि मी आज गच्चीवर सरस करते तो वेगळ्या विजेच्या शेगडीवर आणि वेगळ्या भांड्यात करते. आईचे म्हणणे मला तेव्हाही पटत होते आणि आजही पटते. गरम सरसाचा वास घेताना वाद्याच्या सुरामागे कोणाचे तरी कातडे आहे, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. शिवाय ज्या सुतारांना रोज सकाळी भिजवणे, शेकणे आणि त्या वासात बसणे भाग होते, त्यांना बळवंत पारेख यांनी १९५९ मध्ये बाजारात आणलेला तयार, थंड, डब्यातून थेट लावता येणारा फेव्हिकॉल काय वाटला असेल, हे मी समजू शकते. घोटीव लाकडाचे नक्षीकाम करणाऱ्या एका म्हाताऱ्या सुताराने मला सांगितले होते की पांढरा गोंद आल्यावर त्याच्या कपड्यांना पहिल्यांदा नुसत्या लाकडाचा वास येऊ लागला. हे सुख काही लहान नाही.

त्यामुळे माझ्या नेहमीच्या कामात पांढरा गोंदच असतो, पण तो लाकूड बघून वापरावा लागतो. आपल्याकडे सागाचे कौतुक सगळ्यांना असते आणि साग तेलकट असतो, हे गोंद लावताना विसरले जाते. रंधा मारून चार दिवस पडून राहिलेल्या सागाच्या फळीवर तेलाचा पातळ थर येतो आणि गोंद त्यावर नुसता बसून राहतो. फळी रंधून त्याच दिवशी चिकटवणे, किंवा कडा ॲसिटोनने पुसून ॲसिटोन उडून जाताच गोंद लावणे, हा त्यावरचा उपाय आहे. फळीची टोके, जिथे लाकडाच्या नळ्या उघड्या असतात, तिथे गोंद आत शोषला जातो आणि सांधा कोरडा पडतो. म्हणून टोकाला आधी पातळ हात देऊन थोडा वेळ थांबावे आणि मग दुसरा हात द्यावा, आणि तरीही त्या सांध्यावर एकट्यावर विसंबू नये. पांढऱ्या गोंदाला फट सोसत नाही. दोन्ही पृष्ठभाग भिडलेले असले पाहिजेत आणि क्लॅम्प आवळल्यावर कडेला गोंदाचे बारीक मणी सलग उमटले पाहिजेत. मणी उमटले नाहीत, तर आत गोंद कमी पडला आहे. धार वाहू लागली, तर तो जास्त झाला आहे. ते मणी ओल्या फडक्याने पुसण्याची पुष्कळांना सवय असते. त्याने पातळ झालेला गोंद रंध्रांत जातो आणि पॉलिश केल्यावर तिथे फिकट डाग दिसतात. अर्ध्या-पाऊण तासाने मणी रबरासारखे झाले, की पटाशीने ते अलगद उचलले जातात आणि लाकूड स्वच्छ राहते.

थंडीचाही विचार करावा लागतो, हे पुण्या-मुंबईत पटत नाही. पण निफाडकडच्या एखाद्या जानेवारीच्या पहाटे पारा १० अंशांच्या खाली जातो, तेव्हा पांढरा गोंद वाळताना एकसंध होत नाही. सांध्याच्या कडेला पारदर्शक रेघेऐवजी खडूसारखी पांढरी भुकटी दिसते. अशा सांध्याची पकड कमीच असते, मग तो वरून कितीही घट्ट वाटो. कोकणात याच्या उलट अडचण येते. जून ते सप्टेंबर लाकूड हवेतले पाणी पीत असते आणि पांढऱ्या गोंदाला वाळण्यासाठी आपले पाणी लाकडालाच द्यायचे असते. लाकूडच भरलेले असेल, तर गोंद ते पाणी देणार कुठे? रत्नागिरीकडच्या आमच्या आजोळी दारे-खिडक्यांची कामे पावसाळ्यात काढत नसत, आणि त्यामागे केवळ पावसात माणसे येत नाहीत एवढेच कारण नव्हते. अंगणातले फाटक, न्हाणीघराचे दार किंवा पागोळ्यांखालचे बाक यांना मी पाण्याला टिकणारा गोंद घेते. काही डब्यांवर डी३ किंवा डी४ अशी युरोपीय श्रेणी छापलेली असते. डी३ म्हणजे अधूनमधून पाणी लागले तरी चालेल, आणि डी४ म्हणजे त्याहून जास्त. जिथे लाकूड झिजून फट पडलेली असते आणि पाणी कायम असते, तिथे मात्र इपॉक्सीला पर्याय नाही, आणि तिथे ती मी मुळीच न कचरता वापरते. सनमायका बसवण्याचा पिवळसर गोंद दोन्ही बाजूंना लावून, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबून मग चिकटवतात. तो सनमायकासारख्या पातळ थरांसाठीच ठीक आहे. खाच-कुसवाच्या सांध्यात तो सतत मऊ राहतो आणि सांधा हलू लागतो.

गोंद निवडण्यात जेवढा विचार जातो, त्याच्या चौथाईनेही तो ठेवण्यात जात नाही, आणि बहुतेक सांधे मला वाटते तिथेच फसतात. पांढरा गोंद हा पाण्यात तरंगणाऱ्या बारीक कणांचा द्रव आहे. तो मोठ्या बरणीत अर्धा उरला, की वरच्या हवेने त्यावर साय धरते आणि ती साय ढवळून आत मिसळली तर पुढच्या सांध्यात गुठळ्या येतात. मी मोठ्या डब्यातून महिन्याला लागेल एवढा गोंद लहान बाटलीत काढते, मोठा डबा घट्ट बंद करून खोलीच्या उत्तरेच्या भिंतीला खाली ठेवते, आणि डबा उघडल्याची तारीख झाकणावर लिहिते. पातळ करायचा तर वाटीत घेऊन पातळ करते. डब्यात पाणी कधीच जाऊ देत नाही. लोखंडी डब्यात तर गोंद ठेवूच नये, कारण तो किंचित आम्ल असतो, गंज त्यात उतरतो आणि लाकडातल्या टॅनिन या तुरट द्रव्याशी मिळून सांध्यावर काळपट निळे डाग पाडतो. जुना झालेला गोंद ओळखता येतो. कुंचल्याला लागून वर येताना तो आखूड तुटण्याऐवजी लांब तारा धरतो, आणि नेहमीच्या सौम्य आंबूस वासाऐवजी कुजका वास येतो. असा गोंद मी टाकून देते, अर्धा डबा असला तरी. परदेशातल्या ज्या मराठी घरांत गॅरेजमध्ये लाकूडकाम चालते, त्यांनी हिवाळ्यात गोंद घरात आणून ठेवावा. तो एकदा गोठून फुटला, की पुन्हा पूर्वीसारखा होत नाही.

बाकीच्यांचे स्वभाव आणखी निराळे आहेत. कोरडा सरस हवाबंद बरणीत वर्षानुवर्षे टिकतो, पण एकदा भिजवला की उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांतच त्याला बुरशी लागते. उरलेला सरस मी लहान वड्या पाडून, नाव लिहिलेल्या बंद डबीत फ्रीजमध्ये ठेवते आणि तेवढाच पुन्हा विरघळवते. झटपट चिकटवणारी छोटी नळी हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होते, म्हणून ती आर्द्रता शोषणाऱ्या पुडीबरोबर बंद डबीत गार जागी ठेवायची. मात्र फ्रीजमधून काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची आणि मगच उघडायची, नाही तर गार नळीवर जमलेले दवच तिचा शेवट करते. इपॉक्सीच्या दोन नळ्यांची झाकणे कधीही अदलाबदल होऊ देऊ नयेत. थंडीत एका नळीतल्या रेझिनमध्ये, म्हणजे मूळ चिकट द्रवात, साखरेसारखे कण दिसले, तर ते खराब झाले असे समजण्याचे कारण नाही. नळी कोमट पाण्यात धरली की ते विरघळतात. आणि सनमायकाच्या गोंदाची वाफ पेट घेते. तो डबा स्वयंपाकघराच्या माळ्यावर किंवा देवघराच्या खालच्या कपाटात ठेवलेला मी अनेक घरांत पाहिला आहे, आणि दर वेळी मी तो उचलून बाहेर ठेवायला लावला आहे, मग यजमानांना ते आगाऊपणाचे वाटले तरी चालेल.

अलीकडे मी एक सवय लावून घेतली आहे. स्टूल असो की फडताळ, त्याच्या आतल्या बाजूला, सहज दिसणार नाही अशा ठिकाणी, मी पेन्सिलीने लाकडाचे नाव, गोंदाचे नाव आणि वर्ष लिहून ठेवते. दुरुस्ती करणाऱ्याला सगळ्यात आधी हेच हवे असते: वाफेने सुटेल की खरवडावे लागेल, की कापावेच लागेल. गेल्या महिन्यात भाचीने तिच्या पाळण्याचा तुटलेला कठडा माझ्याकडे आणला. तो माझ्या मामांनी जोडला होता आणि कशाने जोडला होता ते आता कोणालाच माहीत नव्हते. मी सांध्याच्या कडेला गरम पाण्याचा थेंब ठेवला आणि वाट पाहिली. थोड्या वेळाने तो थेंब बोटाला चिकट लागू लागला आणि ओळखीचा वास आला. मग मी विजेची शेगडी लावली, सरस भिजत घातला आणि भाचीला फोन करून सांगितले की काम उद्यावर जाईल, पण कठड्याचे लाकूड कुठेही कापावे लागणार नाही.